सातवी पाकळी

पहिल्या रायफलीवरची शेवंती काढायला सार्जंट हामासाकीला कानशीचे एकोणीस हात लागले. दहाव्या रायफलीपर्यंत तो अकरावर आला आणि तिथेच थांबला. दहा मारले तर एखाद्या पाकळीची कड राहायची, बारा मारले तर पोलादाला उगाच खळगा पडायचा. अकरा हात, मग बारीक कानशीचे चार, मग खोबरेलात भिजवलेली चिंधी एकदा फिरवायची. रायफलीमागे चार मिनिटं. रायफली चारशे बारा होत्या आणि दिवस तीन.

“रोजचे नऊ तास धरले तरी अर्धा तास कमी पडतोय,” कॉर्पोरल शिराकी म्हणाला. झालेली रायफल व्हाइसच्या पकडीतून सोडवायची आणि नवी बसवायची, एवढं काम त्याचं होतं. त्याचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नसे, त्यामुळे बेटावरची सगळी बसून करायची कामं फिरून फिरून त्याच्याकडेच यायची. “त्यात जेवायची सुट्टी धरायची का?”

“जेवायला काय आहे?”

“रताळ्याचा पाला.”

“मग त्याला सुट्टी कशाला लागते?”

सम्राटांचं भाषण रेडिओवर ऐकून सोळा दिवस झाले होते. अमेरिकन जहाज चौथ्या दिवशी सकाळी आठ वाजता धक्क्याला लागणार होतं. कॅप्टन ओगिनोने सगळी कागदपत्रं जाळायला सांगितली, सुरुंगांचे नकाशे तेवढे द्यायला म्हणून बाजूला ठेवले, आणि शस्त्रागाराला एकच आज्ञा दिली. प्रत्येक रायफलीवर, गोळी बसते त्या जागेच्या वर, सोळा पाकळ्यांची शेवंती ठोकलेली होती. ती असेपर्यंत रायफल शिपायाची नव्हती. ती सम्राटांची होती आणि शिपायाने फक्त सांभाळायची होती. शत्रूला रायफली द्यायच्या, शेवंती द्यायची नाही.

शस्त्रागारात कानशी पाच होत्या आणि तीन खाऱ्या हवेने गेलेल्या. हामासाकीचं गाव कानशी करणाऱ्यांचं होतं. त्याच्या वडिलांनी चाळीस वर्षं छिन्नीने पोलादावर दाते पाडले होते, एका बोटाच्या रुंदीत बावीस, डोळ्यांवर चष्मा न चढवता. पहिल्या दिवशी काम संपल्यावर हामासाकीने बोथट कानशी तापवून मऊ केल्या, घासून सपाट केल्या आणि नवे दाते पाडले. पुन्हा तापवून पाणी देण्याआधी दात्यांवर मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, थापावा लागतो, नाहीतर धगीने त्यांची टोकं मरतात. तो भांडं घेऊन आचाऱ्याकडे गेला.

“मिसो?” आचारी म्हणाला. “अख्खी पलटण दोन वर्षं मिसोच्या वासाला तरसलीय आणि तुम्ही तो कानशींना चारणार?”

“पिंपाच्या तळाला काही असेल तर बघ.”

आचाऱ्याने रिकाम्या पिंपात डोकं घालून बराच वेळ खरवडलं आणि मूठभर काळी खरपुडी आणून दिली. “उद्या जेवायला बोलवा मग त्यांना,” तो म्हणाला. हामासाकीने त्यात मीठ आणि कोळशाची पूड मिसळली. कानशी चांगल्या झाल्या. वडिलांनी त्या बाजारात पाठवल्या नसत्या, पण परतही टाकल्या नसत्या.

आधी त्याने मेलेल्यांच्या रायफली घेतल्या. त्या दोनशे पंचवीस होत्या, आणि इतकी वर्षं दर आठवड्याला जिवंतांच्या बरोबरीने साफ होत आल्या होत्या. मग जिवंत माणसं क्रमांकाप्रमाणे येऊ लागली. प्रत्येक जण आपली रायफल द्यायचा, काम होईपर्यंत ताठ उभा राहायचा, ती परत घ्यायचा, एकदा वाकायचा आणि जायचा. कोणी काही बोलत नसे. एका लान्स कॉर्पोरलने तेवढं विचारलं, “दुखत नाही ना हिला?” आणि स्वतःच लाजून हसला.

तिसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या सुमाराला तीनशे साठावी रायफल आली.

“शिपाई दुसरा वर्ग, त्सुमोरी. रायफल आणली आहे.”

हामासाकीने मान वर केली नाही. “दे.”

त्सुमोरी एकेचाळीस वर्षांचा होता, सगळ्या तुकडीत वयाने मोठा आणि हुद्द्याने सगळ्यात खालचा. त्याच्यानंतर आलेली एकोणीस वर्षांची पोरं पहिल्या वर्गात गेली. ती त्याला आजोबा म्हणायची आणि आपल्या पायपट्ट्या धुवायला त्याच्याकडे टाकायची. सैन्यात येण्याआधी तो एका डोंगरी स्टेशनवर रेल्वेचा सांधेवाला होता. सतरा वर्षांत एकही गाडी त्याने चुकीच्या रुळावर सोडली नव्हती. हे त्याने कधी सांगितलं नव्हतं; त्याच्या सेवापुस्तकात लिहिलेलं होतं. त्याच पुस्तकात पुढे, हामासाकीच्या अक्षरात आणि कॅप्टनच्या सहीने, आणखी एक ओळ होती: सम्राटांची रायफल पाडली, वर खोटं बोलला.

ते मागच्या वर्षीच्या मे महिन्यातलं. विमानहल्ल्यानंतर शस्त्रतपासणी झाली तेव्हा त्सुमोरीच्या रायफलीवर, नळीच्या तोंडाकडून मोजलं तर सातव्या पाकळीला, टवका उडालेला होता. पाडलीस का, हामासाकीने विचारलं. मी पाडली नाही, त्सुमोरी म्हणाला. शेवंतीला टवका आपोआप उडतो का? त्यावर त्सुमोरी पुन्हा तेच म्हणाला. रायफल पाडणाऱ्याची शिक्षा ठरलेली होती: रायफल सलामीत धरायची आणि तिची मोठ्याने माफी मागायची. खोटं बोलल्याबद्दल हामासाकीने आपल्याकडून चार तास वाढवले. शस्त्रागारासमोरच्या अंगणात, दुपारी दोन ते सहा, तोंड पश्चिमेला, डोळे उघडे. त्या ओळीनंतर त्सुमोरीला कधी बढती मिळाली नाही.

शिराकीने रायफल व्हाइसमध्ये बसवली. तिला बोट लावलं तर तेलाचा पातळ थर हाताला लागत होता, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. एवढी स्वच्छ रायफल तीन दिवसांत दुसरी आली नव्हती.

हामासाकीने अकरा हात मारले. पंधरा पाकळ्या गेल्या. सातवीच्या जागी काळा ठिपका राहिला.

त्याने बारावा हात मारला. तेरावा, चौदावा. कानस थांबवून त्याने कुबट हवेत श्वास सोडला आणि अंगठ्याने पोलादाचा कीस पुसला. ठिपका होता तिथेच होता. आता तो तांदळाच्या कणीसारखा लांबट झाला होता आणि त्याचं टोक नळीच्या दिशेला होतं. हामासाकीने रायफल व्हाइसमधून स्वतः सोडवली, दाराशी नेली आणि उजेडात तिरकी धरली.

“आणखी दहा हात मारा, जाईल ते,” शिराकी म्हणाला.

“तीस मारले तर जाईल.”

“मग मारा की तीस. ते गोरे काय खोली मोजत बसणारेत?”

हामासाकीने त्याच्याकडे पाहिलं नाही. “त्सुमोरी,” तो म्हणाला, “तू तेव्हा काय म्हणाला होतास?”

“कधी, सार्जंटसाहेब?”

“कधी ते तुला माहीत आहे.”

“मी पाडली नाही, असं म्हणालो होतो.”

“इकडे ये. हे बघ.” त्याने ठिपक्याजवळ नख टेकवलं. “आपटल्याने टवका उडतो तो वरच्या वर असतो. घासलं की संपतो. हा खाली खाली जातोय, आणि पोलाद ज्या दिशेने ठोकून लांबवलं त्याच दिशेने लांबतोय. ही मळी आहे, धातूतला कचरा. कारखान्यात पोलाद ओतलं तेव्हाच आत अडकलेली. वर पातळ पापुद्रा होता, तो इथल्या हवेत सुटला असणार.”

त्सुमोरीने वाकून पाहिलं. “मला यातलं कळत नाही,” तो म्हणाला. “मी सांधेवाला. मला एवढंच कळत होतं की पाडली नाही.”

“मला कळायला हवं होतं.”

त्सुमोरी वाकला होता तो सरळ झाला.

“मी हे सात वर्षांचा असल्यापासून बघतोय,” हामासाकी म्हणाला. “बाबा गज हातात घेऊन फक्त वळवायचे आणि मळीचा गज बाजूला फेकायचे. मी तेव्हा नुसतं नख फिरवलं असतं तरी...”

“सार्जंटसाहेब,” शिराकी हळू आवाजात म्हणाला, “सेवापुस्तकं परवाच जाळली. ती ओळ आता कुठेच नाही. उद्या सकाळी ही रायफलही नसेल. कशाला काढताय?”

“पुस्तकं जाळली. ती ओळ वाचलेली माणसं आहेत ना अजून?” हामासाकीने रायफल खांद्याला लावली. “बाकी किती राहिल्या?”

“बावन्न.”

“तू कर.”

शिराकी हसला, मग सार्जंटचा चेहरा पाहून थांबला. तीन दिवसांत हामासाकीने कानशीला कोणालाही हात लावू दिला नव्हता.

“अकरा हात,” हामासाकी म्हणाला. “पुढे जाताना दाब, मागे येताना नुसती सरकव. दाते मिसोवर वाढलेत, त्यांना जप.” मग तो त्सुमोरीकडे वळला. “दोन ते सहा होतं ना?”

“हो.”

“पश्चिमेला तोंड.”

“हो. डोळे उघडे.” त्सुमोरीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “सार्जंटसाहेब, वय काय तुमचं?”

“छत्तीस.”

“मी चाळीसचा होतो,” त्सुमोरी म्हणाला. “तुम्हाला जमेल.”

दोनला पाच कमी असताना हामासाकी अंगणात येऊन उभा राहिला. बाँबहल्ल्यांत बेटावरची माडाची झाडं शेंड्यासकट गेली होती. पांढऱ्या प्रवाळाच्या खडीवर सावली अशी नव्हतीच. बातमी त्याच्या आधी पोचली होती. रताळ्यांच्या वाफ्यांतून माणसं उठून आली, इस्पितळाच्या झोपडीतून चालता येणारे आले. त्याने टोपी काढून खाली ठेवली, कारण त्सुमोरीला त्याने टोपी घालू दिली नव्हती. मग रायफल सलामीत धरली आणि परेडच्या आवाजात म्हणाला:

“शिपाई त्सुमोरीसाहेब! मी नीट न पाहता आपल्याला खोटं ठरवलं. माझ्या घाईमुळे आपल्याला दुखापत झाली. क्षमा असावी!”

रायफलीची माफी मागतानाचे शब्द तेच होते, फक्त तिच्या जागी माणूस आला होता. मागच्या रांगेतलं एक पोर फिसकन हसलं. त्याच्या शेजाऱ्याने कोपर मारलं तशी रांग चिडीचूप झाली.

त्सुमोरी समोर, पाच पावलांवर, पाठ समुद्राकडे करून उभा होता. एवढ्या लोकांसमोर काय करायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं. त्याने मान किंचित लववली आणि तिथेच थांबला.

तीनच्या सुमाराला कॅप्टन ओगिनो धक्क्यावरून परतला. त्याच्या पट्ट्याला तलवार होती. उद्या सकाळी ती असणार नव्हती. त्याने अंगणाकडे पाहिलं.

“काय चाललंय?”

हामासाकीला सलामीत बोलता येत नव्हतं. त्सुमोरीने सांगितलं, “शिक्षा चालू आहे, साहेब.”

“कोणी दिली?”

“त्यांनीच, साहेब.”

“कशाबद्दल?”

“मी पाडली नव्हती, साहेब.”

कॅप्टनला आठवायला क्षणभर लागला. मग तो चालत हामासाकीपाशी आला, रायफलीवरची गुळगुळीत जागा आणि तिच्यातली काळी कणी त्याने जवळून पाहिली. त्या ओळीखाली सही त्याची होती. त्याने टाचा जुळवल्या, त्सुमोरीला सलाम केला, कॅप्टनने दुसऱ्या वर्गाच्या शिपायाला आधी, आणि त्सुमोरी इतका गोंधळला की उलट सलाम करायला त्याला दोन सेकंद उशीर झाला.

“सहापर्यंत चालू दे,” कॅप्टन म्हणाला. “उद्या आपल्याला त्यांच्यासमोर उभं राहायचंय. आज आपल्या माणसांसमोर उभं राहता आलं तर उद्याचं काही कठीण नाही.”

तो गेल्यावर शस्त्रागारातून पुन्हा कानशीचा आवाज सुरू झाला. हामासाकीच्या जबड्याची शीर ताठ झाली. शिराकी मागे येतानाही दाबत होता. चौदा हात झाले, पंधरा झाले, आवाज तसाच खरखरत राहिला, आणि हामासाकीला तोंड उघडता येत नव्हतं.

“शिराकी!” त्सुमोरी ओरडला. “मागे येताना नुसती सरकव! सार्जंटसाहेबांचे कान दुखतायत!”

या वेळी सगळी रांग हसली. हामासाकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते उन्हाचं होतं. सूर्य आता कपाळावरून डोळ्यांत उतरला होता.

हळूहळू माणसं पांगली. रताळ्यांना पाणी घालायची वेळ झाली होती. त्सुमोरी हलला नाही. चारच्या आसपास तो दोन पावलं पुढे सरकला, मग थोड्या वेळाने आणखी दोन.

“आजोबा, बसा की,” जाता जाता एक जण म्हणाला. “शिक्षा त्यांना आहे, तुम्हाला नाही.”

“इथून नीट दिसतंय,” त्सुमोरी म्हणाला.

हामासाकीचे डोळे समोर होते, त्यामुळे सावली येताना त्याला दिसली नाही. पायाच्या नडग्या गार पडल्या तेव्हा कळली. त्सुमोरीची सावली आधी त्याच्या बुटांवर होती. सूर्य खाली जाईल तशी ती वर चढत होती. साडेचारला ती पट्ट्यापर्यंत आली, पाचनंतर छातीपर्यंत. साडेपाचला समोरचं पांढरं आंधळं करणारं ऊन एकदम विझलं आणि त्या जागी त्सुमोरीच्या डोक्याचा काळा आकार दिसू लागला, कानांच्या कडा तेवढ्या लाल. ते दोघे जेमतेम पाऊलभर अंतरावर होते. मागच्या वर्षी या जागी असं कोणी उभं राहिलं नव्हतं.

सहा वाजता शिराकी लंगडत दाराशी आला. चारशे बारा पूर्ण झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे सत्त्याऐंशी माणसं धक्क्यावर तीन रांगांत उभी होती. कपड्यांना ठिगळं होती, पण ती सगळी धुतलेली होती, आणि जे उभे राहू शकत नव्हते ते दोन्ही बाजूंच्या खांद्यांच्या आधाराने उभे होते. रायफली दहा-दहाच्या ओळींत मांडल्या होत्या, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. अमेरिकन लेफ्टनंट तरुण होता, त्याच्या नाकाची सालं निघाली होती. त्याने पहिल्या ओळीतली एक रायफल उचलली, गुळगुळीत जागेवरून अंगठा फिरवला, मग दुसरी उचलली, तिसरी उचलली. शेजारच्या दुभाष्याला त्याने काहीतरी विचारलं. दुभाष्याचा चेहरा जपानी होता, गणवेश त्यांचा.

“ते विचारतायत, इथे काय होतं? सगळ्यांवरच घासलेलं दिसतंय.”

“तेवढं आमचं होतं,” कॅप्टन ओगिनो म्हणाला. “बाकीचं सगळं तुमचं.”

दुभाष्याने ते सांगितलं. लेफ्टनंटने हातातली रायफल पुन्हा ओळीत ठेवली आणि वाकडी पडली म्हणून पायाने नाही, हाताने सरळ केली. मग त्याने खलाशांना खूण केली.

खलाशी सहा-सहा, सात-सात रायफली लाकडं उचलावीत तशा कवेत घेऊन बोटीकडे नेऊ लागले. माणसं समोर बघत उभी राहिली. एका धिप्पाड, घामाघूम खलाशाने एक जास्तीची घेतली. धक्क्याच्या पायरीशी त्याचा भार एका बाजूला कलला, आणि सगळ्यात वरची रायफल निसटून दगडावर पडली. तिच्या नळीचा आवाज पाण्यापर्यंत घुमला.

एकशे सत्त्याऐंशी माणसांनी एकदम श्वास आत घेतला. लेफ्टनंटने दचकून मान फिरवली.

रायफल उताणी पडली होती. पुढच्या रांगेतून तिच्या गुळगुळीत जागेवरची काळी कणी स्पष्ट दिसत होती. खलाशाने ती बुटाच्या टोकाने सरकवली, उचलली आणि बोटीत टाकली.

रांगेत बोलायला मनाई होती.

“आता पडली,” त्सुमोरी म्हणाला.

त्याच्या उजव्या हाताला हामासाकी होता. त्याने मान वळवली नाही.

“हो,” तो म्हणाला. “पाहिली मी.”